मैत्रीपूर्ण सामन्याची यादी

मला आमच्या इमारतीत सगळे 'निवड समिती' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. चार मजल्यांची इमारत. तळघरात आमचा खेळाच्या कपड्यांवर छपाई करायचा कारखाना, वर दुकानं आणि दवाखाने, आणि तळमजल्यावर जिन्यापाशी एक मोकळी जागा. तिथे रोज दुपारी एक ते दोन आमची बैठक भरते. औषधाच्या दुकानाचा मालक, लिफ्टमन, चष्म्याच्या दुकानातल्या बाई आणि मी. देशाचा फुटबॉल संघ कागदोपत्री महासंघ निवडतो. प्रत्यक्षात आम्ही चौघं.

यादी जाहीर व्हायच्या आठवड्यात औषधवाला जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून भिंतीला चिकटवतो. त्यावर तेवीस रेघा. एकेक नाव भांडून, आरडाओरडा करून, बहुमताने भरायचं. शिवाय प्रत्येकाला एक नाव 'जबाबदारीवर' घालता येतं. बाकीच्या तिघांनी कितीही नाकं मुरडली तरी ते नाव राहतं, फक्त त्यापुढे आपली सही करायची. ते नाव खऱ्या यादीत आलं नाही, तर सामनाभर सगळ्यांसाठी चहा आणायचा आणि टोमणे ऐकायचे. सहा वर्षांत मी एकदाही चहा आणलेला नव्हता. हे मी आठवड्यातून दोनदा तरी सगळ्यांना ऐकवायचो.

यावेळचा सामना शेजारच्या देशाशी, मैत्रीपूर्ण. हरलो तर काही जात नव्हतं आणि जिंकलो तर काही मिळणार नव्हतं. अशा सामन्यावरून आमची जितकी भांडणं झाली आहेत तितकी पात्रता फेरीवरूनही झालेली नाहीत. एकदा डाव्या बगलेला कोण खेळणार यावरून बाई आणि लिफ्टमन पंधरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. बाई तेवढे दिवस तीन मजले जिना चढून जायच्या.

आमच्यापासून चार पावलांवर, जिन्याच्या पोटात, घड्याळवाल्या काकांची काचेची केबिन. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून हा माणूस वाकलेला. आमच्या गप्पांत कधी यायचे नाहीत, पण केबिनचं दार उघडं असायचं आणि आम्ही काही कुजबुजत नव्हतो. काकांचा मुलगा फुटबॉल खेळायचा. दुसऱ्या श्रेणीतल्या एका क्लबात बचाव फळीच्या मधोमध. वय एकतीस, देशाकडून एकदाही बोलावणं नाही. काकांनी ओळखीपाळखी काढून, हातापाया पडून त्याला सरकारी छापखान्यात कायमची नोकरी लावून दिली होती. ती तीन महिन्यांत सोडून तो खेळायला दुसऱ्या शहरात निघून गेला. तेव्हापासून नऊ वर्षं बापलेकांत एक शब्द नाही. मुलं किती, असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, "एक मुलगी आहे."

त्या मुलाला 'फाटक' हे नाव मी ठेवलं. दोन वर्षांपूर्वी औषधवाल्याच्या फोनवर आम्ही त्याच्या क्लबाचा सामना पाहत होतो. समोरचा खेळाडू तीनदा त्याच्या बाजूने आरामात निघून गेला, तेव्हा मी ओरडलो, "या, या, फाटक उघडंच आहे!" सगळे खो-खो हसले. नाव चिकटलं. काकांच्या हातातला चिमटा थांबला नाही, म्हणून त्यांनी ऐकलं नसावं असं मी धरून चाललो. मनगटावरचं घड्याळ सेकंदभर मागे पडलं तर ज्याला आवाजावरून कळतं, त्या माणसाला माझं ओरडणं ऐकू आलं नसेल म्हणे. सोयीचं होतं, म्हणून तसं मानलं.

सोमवारी सकाळी आमच्या मालकाने माझ्या प्रेसपाशी शर्टांचा गठ्ठा आणून ठेवला. देशाच्या संघाचे शर्ट. आमच्याकडे हे काम चार वर्षांपासून येतं, पण ते करायचा जुना कारागीर. तो महिन्यापूर्वी निवृत्त झाला, आणि आता त्याच्या जागी मी आणि पलीकडच्या प्रेसवरचा माझा जोडीदार. मालकाने बोट नाचवून सांगितलं, "यादी शुक्रवारी आहे. तोवर तोंडाला कुलूप. घरी बायकोलासुद्धा बोलायचं नाही." मी म्हटलं, "अहो, माझ्या पोटात गोष्ट गेली की गेलीच."

शर्ट पाटावर ताणून बसवायचा, पाठीवर रबरी अक्षरं ओळीत ठेवायची, तापलेलं झाकण खाली ओढायचं, पंधरा सेकंद मोजायचे आणि मग वरचा पारदर्शक पापुद्रा हळूच सोलायचा. माझ्या वाटचे सतरा शर्ट होते. नववा घेतला आणि हात थांबला. ते आडनाव मी रोज दुपारी वाचत होतो. काकांच्या केबिनवरच्या पाटीवर तेच लिहिलं होतं.

एका संघात तेवीस खेळाडू. माझ्याकडे सतरा, जोडीदाराकडे किती, हे मी विचारलंसुद्धा नाही. मान वळवून बघितलं असतं तरी दिसलं असतं की त्याचा गठ्ठा माझ्याइतकाच आहे. पण माझ्या डोक्यात दुपारच्या बैठकीचं सुरू झालं होतं. सगळ्या देशात एकालाही वाटत नसताना हे नाव मी जबाबदारीवर घालणार, आणि शुक्रवारी सगळ्यांची तोंडं बघणार. काकांना काय वाटेल हे मनात आलंच नाही, असं नाही. पण ते बऱ्याच उशिरा आलं.

दुपारी मी खडू उचलावा तसा पेन उचलला आणि बाराव्या रेघेवर ते नाव लिहून सही ठोकली.

"डोकं ठिकाणावर आहे ना?" औषधवाला म्हणाला. "फाटक? तू? मागच्या महिन्यात तूच म्हणत होतास की त्याच्यापेक्षा कॉर्नरचा झेंडा बरा, निदान जागेवर तरी उभा असतो."

"माणसाचा अभ्यास वाढतो," मी म्हटलं. "हवेतला बॉल त्याच्यासारखा कोण काढतो ते सांग."

"हवेतला काढेल हो," बाई म्हणाल्या, "पण जमिनीवरच्याचं काय? त्याला मागे वळायला एवढा वेळ लागतो की तोवर माझं एकाचे डोळे तपासून होतं."

लिफ्टमन हसून हसून भिंतीला टेकला. "एकतीस वर्षांचा घोडा! मैत्रीपूर्ण सामन्यात पोरांना संधी देतात रे. निवड समिती, या वेळी चहा तुझ्याकडे. माझ्यात साखर कमी."

ते हसले हे मला सोसलं नाही. एवढीच गोष्ट आहे. कुणी मला धमकी दिली नव्हती, की पैजेला घर लावलं नव्हतं. तीन माणसं हसली, आणि माझ्या जिभेला हाड राहिलं नाही.

"त्याचा शर्ट आज सकाळी मी या हातांनी छापलाय," मी म्हणालो. "आता हसा."

औषधवाल्याने माझ्याकडे, मग केबिनकडे पाहिलं. काका उभे राहिले होते. भिंग अजून डोळ्यालाच होतं.

"कुणाचा?" त्यांनी विचारलं. सहा वर्षांत आमच्या बैठकीत त्यांनी उच्चारलेला हा पहिला शब्द.

"काका, तुमच्या मुलाचा."

"नाव नीट वाचलंस?"

"तुमच्या पाटीवर आहे तेच. काना-मात्रेसकट."

त्यांनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग केबिनला कुलूप घालून दुपारी दीड वाजता घरी निघून गेले. मला त्या वेळी आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. संध्याकाळी घरी जाताना मी शीळ वाजवत होतो.

मंगळवारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि थेट आमच्यात येऊन उभे राहिले. बाईंनी आपलं स्टूल पुढे सरकवलं.

"मुलीकडून नंबर घेतला," ते म्हणाले. "केला फोन."

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"मी म्हटलं, ऐकलं मी. तो बराच वेळ बोललाच नाही. मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाला, बाबा, यादी शुक्रवारी आहे, अजून कुणाला सांगू नका. मी म्हटलं, मला माहितीये शुक्रवारी आहे. तेवढंच." ते स्टुलावर टेकले. "जेवलास का, असंही विचारलं."

बाईंनी तोंड फिरवून चष्मा पुसला. लिफ्टमनला वरून घंटी येत होती, तो हलला नाही.

पुढचे दोन दिवस काका आमच्या बैठकीत होते. या माणसाने आयुष्यात एकही सामना पाहिलेला नव्हता. ऑफसाइड म्हणजे काय हे मी त्यांना घड्याळाचे स्क्रू आणि चक्रं टेबलावर मांडून समजावलं, आणि ते एकदाच सांगून त्यांना कळलं. लिफ्टमनला ते अजून कळलेलं नाही. मग काका हळूहळू मतंही द्यायला लागले. "उजवीकडे हा पळणारा घेतला, तर मधे उभं राहणारं कुणीतरी शांत डोक्याचं पाहिजे ना?" असं विचारायचे आणि आमच्या तोंडाकडे बघायचे. "लहानपणी तो आमच्या दारावर डोक्याने बॉल आपटायचा. शेजारी तक्रार करायचे. मी मारलंय त्याला त्यावरून." औषधवाल्याने सगळ्यांच्या संमतीने बाराव्या रेघेवरचं नाव गिरवून ठळक केलं. 'फाटक' हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही.

गुरुवारी सकाळी मालकाने दोन खोकी आणि एक कागद आणून दिला. "या कागदाप्रमाणे शर्ट वेगळे लाव. तेवीस या खोक्यात, अकरा त्या खोक्यात."

"अकरा कसले?"

"राखीव. कुणी ऐनवेळी दुखावला तर शर्ट तयार पाहिजे ना? दरवेळी चौतीस छापतो आपण. अरे हो, तू आत्तापर्यंत मोज्यांवर होतास." आणि तो निघून गेला.

मी कागद तीनदा वाचला. ते आडनाव दुसऱ्या रकान्यात होतं, वरून पहिलं. माझा जोडीदार म्हणाला, काय रे, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, उकडतंय. मग मी तो शर्ट घडी घालून स्वतःच्या हाताने राखीवच्या खोक्यात ठेवला.

त्या दिवशी एक वाजायच्या आधीच मी वर गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पायऱ्या चढताना वाक्यंही जुळवली होती, की काका, माझी चूक झाली, मी अर्धवट पाहून बोललो, तो राखीव आहे, राखीव असणंही काही लहान गोष्ट नाही. काका केबिनमध्ये एक जुनं मनगटी घड्याळ पुसत होते. मला बघून म्हणाले, "हे त्याचं. जाताना टेबलावर ठेवून गेला होता. नऊ वर्षं बंद होतं. आज चालू केलं." तेवढ्यात बाकीचे आले. औषधवाला म्हणाला, "उद्या बरोबर एकला. माझ्या फोनवर थेट बघू. निवड समिती, नक्की ना रे?"

काका माझ्याकडे बघत होते. चौघंही माझ्याकडे बघत होते.

"नक्की," मी म्हटलं.

का म्हटलं, याचं उत्तर मी तेव्हापासून शोधतोय, आणि दरवेळी तेच सापडतं. तोंडघशी पडायची भीती. दुसरं काही नाही. मी मनाला म्हणत होतो की अजून एक दिवस आहे, कुणीतरी दुखावेल, प्रशिक्षकाचं मन बदलेल, कागदच चुकला असेल. दुसऱ्या कुणाचा तरी पाय मोडावा म्हणून मी त्या दिवशी मनापासून प्रार्थना केली. एवढा मी त्या आठवड्यात खाली गेलो होतो.

शुक्रवारी यादी वाचली गेली. औषधवाल्याने फोन डब्याला टेकवून उभा केला होता. आधी गोलरक्षक, मग बचाव फळी. आठ नावं. काकांच्या मुलाचं नाही. मधली फळी सुरू झाली तेव्हा काका हळू आवाजात म्हणाले, "कदाचित पुढे घेतला असेल." मग आघाडीचे पाच. त्यांतही नाही. प्रशिक्षकाने आभार मानले आणि पत्रकारांचे प्रश्न सुरू झाले.

"एखादं नाव वाचायचं राहिलं असेल," काका म्हणाले. "माणूस आहे, राहतं."

"तेवीस झाली, काका," लिफ्टमन म्हणाला. त्याने बोटं मोजली होती.

मग सगळे माझ्याकडे वळले. आत्ता, आत्ता तरी सांग, असं कुणीतरी आतून म्हणत होतं. आणि मी ऐकलं तर माझाच आवाज, चांगला खणखणीत, रागावलेला. "राजकारण! दुसरं काय? शर्ट छापून होता, मी हातात धरलाय. शेवटच्या दिवशी नाव काढलं. कुणाच्या तरी मेव्हण्याला घुसवला असणार. मोठ्या क्लबांची मिजास सगळी!"

एकदा दार मिळालं की सगळेच आत घुसतात. औषधवाल्याने प्रशिक्षकाला शिव्या घातल्या, लिफ्टमनने महासंघाला. बाईंनी तर त्या आठातल्या दोघांची कुंडली मांडली. माझ्या चहाची गोष्ट कुणी काढलीही नाही. उलट औषधवाला माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू बरोबरच होतास रे, तेच चुकले." काका केबिनमध्ये जाऊन बसले. भिंग लावलं, पण पुढ्यात घड्याळ नव्हतं.

शनिवारी आमचा अर्धा दिवस. बारा वाजता निघताना काकांनीच हाक मारली.

"काल त्याला फोन केला," ते म्हणाले. "म्हटलं, ये निघून. ज्यांना तुझी किंमत नाही त्यांच्या दारात उभा राहू नकोस. तू सांगितलंस ना मला, कसं काढलं ते. मी त्याला सगळं सांगितलं." त्यांचा आवाज ताठ होता, आणि त्यात अभिमान होता. "तो आधी म्हणाला, बाबा, बुधवारपर्यंत थांबायला लागेल. मी म्हटलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा तुझ्याकडे काही मागतोय. मग म्हणाला, येतो. चारच्या बसने निघतोय."

बारा वाजले होते. बस चारची. राखीव खेळाडूने बुधवारचा सामना होईपर्यंत संघाच्या शिबिरात थांबायचं असतं, निघून गेला की नाव कटलं, हे सहा वर्षं संघ निवडणाऱ्या मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? चार तास होते. काकांचा फोन त्यांच्या खिशात होता. दोन वाक्यांचं काम होतं.

मी म्हटलं, "बरं केलंत, काका." आणि घरी गेलो. बायकोने विचारलं, जेवत का नाहीस? मी म्हटलं, बाहेर खाल्लं.

सोमवारी सकाळी मालक धावत खाली आला. हातात एकच शर्ट. "काल सरावात त्या उंच बचावपटूचा स्नायू ताणला. बदली पाठवायचा आहे. या मापाचा दुसरा शर्ट शिल्लक नाही, यावरचं नाव काढ आणि हे नवीन छाप. अर्ध्या तासात गाडी येतेय." मी शर्ट उलटा केला. तेच आडनाव.

"हा बदली नाही का?" मी विचारलं.

"हाच पहिला राखीव होता. पण शनिवारी शिबिर सोडून गेला. वडील आजारी आहेत म्हणून सांगितलं म्हणे. नशीब एकेकाचं."

चिकटलेलं नाव काढायचं तर आधी तापवावं लागतं. झाकण थोडा वेळ टेकवायचं, अक्षराची कड चिमट्याने उचलायची आणि न फाडता सोलत जायचं. घाई केली तर कापड जातं. मी एकेक अक्षर काढलं. शेवटचं काढताना बोट भाजलं, तरी मी हात मागे घेतला नाही. मग डाग पुसायचं द्रावण लावून घासलं, आणि त्या जागेवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव छापून दिलं. काम चोख झालं. मालक म्हणाला, हात चांगला आहे तुझा.

एक वाजता वर गेलो तेव्हा तो केबिनमध्ये बसला होता. फोनवर दिसायचा त्यापेक्षा मोठा, खांद्यांनी अर्धी केबिन भरलेली, आणि कपाळावर जुनी टाक्यांची खूण. मनगटावर बापाने चालू केलेलं घड्याळ. काका मला बघून उठले. "थांब हं, सगळ्यांना घेऊन येतो," म्हणाले आणि तरुण माणसासारखे दोन-दोन पायऱ्या चढत बाईंच्या दुकानाकडे गेले.

"तुम्ही छपाईवाले का?" त्याने विचारलं.

"हो." आणि मग मला थांबता आलं नाही. "तुम्ही राखीव आहात हे मला गुरुवारीच कळलं होतं. राखीवच्या खोक्यात शर्ट मीच ठेवला. राजकारणाचं मी मनाने सांगितलं. आज सकाळी..."

"बदलीचं मला कळलंय," तो म्हणाला. "काल संध्याकाळी शिबिरातून फोन आला होता. बाबा शेजारीच बसले होते. मी म्हटलं, रॉंग नंबर."

"मग तुम्ही पहिल्याच दिवशी त्यांना का नाही सांगितलं, की फक्त राखीव आहे म्हणून?"

"फोन वाजला. 'ऐकलं मी' म्हणाले. कोण बोलतंय हे कळायलाच मला वेळ लागला. मग जेवलास का विचारलं." तो घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत होता. "तुम्हीच सांगा, त्यावर काय बोलणार होतो?" मग त्याने वर पाहिलं. "शनिवारी मी निघतोय, हे तुम्हाला निघायच्या आधी माहीत होतं?"

"बारा वाजता कळलं."

"बस चारची होती."

"हो."

त्याने मान हलवली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "ते आले की मी आत्ता सगळं सांगतो. सगळ्यांसमोर."

"काय सांगणार? की त्यांनी बोलावलं म्हणून माझं गेलं?" त्याचा आवाज चढला नाही. "एकतीस वर्षांचा आहे मी. पुन्हा बोलावणार नाहीत, हे मला कळतं. ते त्यांना कळायला नको. काल रात्री त्यांनी शेजारच्यांना घरी बोलावून सांगितलं, माझा मुलगा आलाय. तुम्हाला सांगून टाकायचंय ते तुमच्यासाठी. मला ते नकोय."

जिन्यावर पावलं वाजली. काका पुढे, मागे बाई, औषधवाला आणि लिफ्ट मधेच सोडून आलेला लिफ्टमन. सगळे त्या उंच माणसाकडे लाजून बघत होते. इतकी वर्षं ज्याच्यावर तोंडसुख घेतलं तो समोर आल्यावर कुणाला काय बोलावं सुचत नव्हतं. बाई म्हणाल्या, हवेतला बॉल तुमच्यासारखा कुणी काढत नाही.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हा बघ," ते मुलाला म्हणाले, "सगळे हसत होते तेव्हा हा एकटा तुझ्या बाजूने उभा राहिला. सही केली याने तुझ्या नावापुढे. आणि तुला कसं काढलं ते माझ्यापासून लपवलं नाही. हा नसता तर मी फोन केलाच नसता रे. थँक्यू म्हण त्याला."

त्याने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात पुढे केला आणि म्हणाला, "थँक्यू."

सगळे बघत होते. मी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "अहो, त्यात काय एवढं."